वाचकांचे प्रश्न : पेपर जसा, तशी तयारी

बारावीनंतरच्या आणि पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षांबद्दल (इंजिनिअरिंगसाठी देशपातळीची जेईई मेन आणि राज्याची एमएचटी-सीईटी, मेडिकलसाठी नीट, एम.टेक.साठी गेट, एमबीएसाठी कॅट आणि एमबीएची सीईटी) आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत ‘कोणतं पुस्तक वापरू’ आणि ‘रोज किती तास बसू’ असं विचारलेलं असतं. आपल्या पेपरात प्रश्न किती, वेळ किती, चुकलं तर किती गुण कापतात, याचा उल्लेख फार कमी पत्रांत सापडतो. अभ्यासाची पद्धत ठरते ती मात्र यावरूनच. खालची आकडेवारी २०२५ च्या सुमाराच्या परीक्षांची आहे. अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ताडून पाहा, कारण नियम बदलतात.

प्रश्न : मी राज्य मंडळाची बारावी सायन्सची विद्यार्थिनी आहे. जेईई मेन, एमएचटी-सीईटी आणि बोर्ड अशा तिन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. क्लासमध्ये सांगतात, जेईईचा अभ्यास केला की सीईटी आपोआप होते. हे खरं आहे का? (अंबाजोगाई)

अर्धं खरं आहे. संकल्पना त्याच आहेत, पण गाडी दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे धड्यांची मांडणी आणि दुसरं म्हणजे वेग.

आधी मांडणी पाहू. बारावीच्या बालभारतीच्या फिजिक्सच्या पुस्तकातले पहिले सहा धडे बघ : रोटेशनल डायनॅमिक्स, मेकॅनिकल प्रॉपर्टीज ऑफ फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स आणि सुपरपोझिशन ऑफ वेव्हज. एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईच्या, पुस्तकांत हे विषय अकरावीत येतात. म्हणजे सीबीएसईची मुलं ते एक वर्ष आधी शिकून मोकळी झालेली असतात, तर तुला ते बारावीच्या सुरुवातीला, रोटेशनसारख्या अवघड धड्यापासून, शिकायचे असतात. उलट रे ऑप्टिक्स तुमच्याकडे अकरावीत आहे, एनसीईआरटीत बारावीत. अकरावीचं पुस्तक रद्दीत गेलं की ऑप्टिक्सही गेलं. जेईईचं पहिलं सत्र जानेवारीअखेर असतं, त्यामुळे हे सहा धडे दिवाळीपर्यंत पक्के व्हायलाच हवेत. कॉलेजमध्ये ते कधी शिकवतात याची वाट पाहू नकोस.

दुसरीकडे काही धडे फक्त सीईटीला आणि बोर्डाला आहेत. गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग. केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट, पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री. जेईई मेनच्या सध्याच्या अभ्यासक्रमात हे नाहीत, म्हणून जेईईच्या बॅचमध्ये ते शिकवलेच जात नाहीत. मुलं एप्रिलमध्ये सीईटीचा पहिला सराव पेपर उघडतात तेव्हा लॉजिकचे सोपे प्रश्नही सोडून द्यावे लागतात, हातातले गुण जातात. बोर्डासाठी हे धडे करावेच लागतात. तेव्हाच त्यांचे बहुपर्यायी प्रश्नही सोडवून टाक.

अकरावीचा वाटा सीईटीत २० टक्के आहे. प्रत्येक विषयात ५० पैकी १० प्रश्न अकरावीचे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा प्रश्न एका गुणाचा, गणिताचा दोन गुणांचा. म्हणजे २०० पैकी ४० गुण अकरावीचे झाले. हे प्रश्न ठरावीक धड्यांवरच येतात आणि त्या धड्यांची यादी सीईटी सेल जाहीर करतं. ती यादी छापून अकरावीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटव.

आता वेग. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे १४४ सेकंद. जेईईची सवय असलेली मुलगी फिजिक्सचं उदाहरण अगदी नीट, पायरीपायरीने सोडवते आणि ७०व्या प्रश्नावर असताना वेळ संपते.

एक उदाहरण घे. ‘एक चकती न घसरता गडगडत आहे. तिच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी फिरण्याची ऊर्जा किती?’ सुरुवातीपासून करायचं तर मोमेंट ऑफ इनर्शिया लिही, ओमेगाच्या जागी व्ही भागिले आर घाल, दोन्ही ऊर्जा काढ, बेरीज कर, भागाकार कर. दीड मिनिट गेलं. पण के वर्ग भागिले आर वर्ग (के म्हणजे रेडियस ऑफ जायरेशन, आर म्हणजे त्रिज्या) हे गुणोत्तर चकतीसाठी १/२ आहे हे डोक्यात असेल, तर फिरण्याचा वाटा होतो १/२ भागिले (१ + १/२), म्हणजे १/३. कंकणासाठी गुणोत्तर १, म्हणून उत्तर १/२. भरीव गोलासाठी २/५, म्हणून उत्तर २/७. दहा सेकंदांचं काम. सूत्र कुठून आलं हे जेईईसाठी एकदा मुळापासून करून ठेव आणि सीईटीसाठी शेवटचं रूप पाठ ठेव. असे निष्कर्ष प्रत्येक धड्यात सहा-सात निघतात. त्यांची वेगळी वही कर.

वेळेची वाटणी अशी ठेव. दिवाळीपर्यंत जेईईच्या पद्धतीने संकल्पना. दिवाळी ते जानेवारी जेईईचे जुने पेपर. पहिलं सत्र झालं की बोर्डाची लेखी परीक्षा संपेपर्यंत फक्त बोर्ड, कारण एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाईलमध्ये असणं लागतं आणि प्रॅक्टिकलच्या वह्याही याच काळात पूर्ण करायच्या असतात. बोर्ड संपल्यावर एप्रिलच्या जेईई सत्राचा सराव आणि त्यानंतर एक दिवसाआड सीईटीचा पूर्ण पेपर. तो ९० अधिक ९० मिनिटं असा घड्याळ लावूनच दे. पहिल्या ९० मिनिटांत केमिस्ट्री आधी घे. तिथले बरेच प्रश्न वाचून लगेच सुटणारे असतात. ३५ मिनिटांत केमिस्ट्री संपली, तर फिजिक्सला ५५ उरतात. सीईटीत गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, फिजिक्स आणि केमिस्ट्री मराठीतही मिळतात. पण तू शिकतेस इंग्रजीतून, तेव्हा पेपरही इंग्रजीतूनच दे.

प्रश्न : निगेटिव्ह मार्किंग असताना अंदाजाने उत्तर द्यावं का? एक सर म्हणतात कधीच देऊ नका, दुसरे म्हणतात दोन पर्याय कटले तर द्या. (चिपळूण)

याचं उत्तर परीक्षेगणिक वेगळं आहे आणि ते साध्या हिशोबाने काढता येतं. चार पर्यायांच्या १०० प्रश्नांत डोळे मिटून उत्तरं दिली, तर सरासरी २५ बरोबर येतात आणि ७५ चुकतात.

जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. म्हणजे १०० मिळाले, ७५ गेले, पदरात २५ पडले. कॅटमध्ये बरोबरला ३, चुकीला उणे १. ७५ मिळाले, ७५ गेले, हाती शून्य. गेटच्या एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकीला १/३ गुण जातो. २५ मिळाले, २५ गेले, पुन्हा शून्य. एमएचटी-सीईटी आणि एमबीएच्या सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण सोडून देणं आहे.

थोडक्यात, जेईई आणि नीटमध्ये अंदाज पाचांत एकदा बरोबर आला तरी तोटा होत नाही. गेट आणि कॅटमध्ये तो चारांत एकदा यायला लागतो. एक पर्याय खात्रीने कटला, तर सगळीकडेच फायदा आहे. दोन कटले, तर उत्तर न देणं चूक आहे. कागदावर तरी ‘कधीच देऊ नका’ हा सल्ला टिकत नाही.

तो सल्ला देणाऱ्या सरांना मात्र एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. विद्यार्थ्याचा अंदाज डोळे मिटून केलेला नसतो. त्याला काहीतरी अर्धवट आठवत असतं, आणि पेपर काढणारे नेमक्या त्याच अर्धवट आठवणीसाठी एक पर्याय ठेवतात. उणे चिन्ह विसरलं तर येणारं उत्तर, व्यासाच्या जागी त्रिज्या घेतली तर येणारं उत्तर, ही तयार ठेवलेली असतात. त्यामुळे ‘दोन पर्याय कटले’ असं वाटतं तेव्हा कटलेल्यांतच खरं उत्तर असण्याची शक्यता बरीच असते.

म्हणून आपला अंदाज किती खरा ठरतो ते मोजायचं. सराव परीक्षेत खात्री नसलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर खूण करा. एक पर्याय कटला असेल तर एक टिंब, दोन कटले असतील तर दोन. उत्तरतालिका आली की टिंबांचे प्रश्न वेगळे मोजा. असे पन्नासेक प्रश्न जमले की चित्र स्पष्ट होतं. दोन टिंबांच्या प्रश्नांत निम्मे बरोबर येत असतील तर बिनधास्त उत्तर द्या. चारांत एकही येत नसेल तर कॅट-गेटमध्ये हात आवरा. हे विषयवारही करा. बऱ्याच मुलांचा अंदाज केमिस्ट्रीत चांगला चालतो आणि फिजिक्समध्ये फसतो.

काही अपवाद लक्षात ठेवा. जेईई मेनमध्ये संख्या टाईप करायच्या प्रश्नांनाही उणे १ आहे आणि तिथे पर्यायच नाहीत, म्हणून तिथे अंदाज नको. गेटच्या संख्यात्मक प्रश्नांना आणि एकाहून अधिक बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही. ते कोरे ठेवू नका. कॅटमध्ये टाईप करायच्या उत्तरांनाही निगेटिव्ह नाही.

एक चूक अंदाजाहून महाग पडते. एनटीएच्या (जेईई मेन घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) संगणकावरच्या परीक्षेत पर्यायावर क्लिक करून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या क्रमांकावरून पुढच्या प्रश्नावर उडी मारली, की आधीचं उत्तर नोंदलं जात नाही. पेपर संपल्यावर यावर काहीही करता येत नाही. ‘आन्सर्ड अँड मार्क्ड फॉर रिव्ह्यू’ असं दिसणारं उत्तर मात्र तपासलं जातं, त्यामुळे त्याची धास्ती नको.

प्रश्न : सीईटीत मला ११८ गुण आणि मैत्रिणीला ११४, तरी तिचं पर्सेंटाईल माझ्यापेक्षा जास्त कसं? (सांगली)

तुमच्या शिफ्ट वेगवेगळ्या असणार. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. तुझ्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण असलेले विद्यार्थी, भागिले त्या सत्रातले एकूण विद्यार्थी, गुणिले १००, हे तुझं पर्सेंटाईल. समज, सत्रात २०,००० जण बसले आणि १८,८०० जणांना तुझ्याइतके किंवा कमी गुण आहेत, तर तुझं ९४. मैत्रिणीचा पेपर अवघड असेल तर तिथे ११४ ला जास्त जण मागे पडतात. आणखी एक, तिन्ही विषयांच्या पर्सेंटाईलची सरासरी काढली म्हणजे एकूण पर्सेंटाईल होत नाही. ते एकूण गुणांवरून वेगळं काढतात.

म्हणून पेपर अवघड गेला म्हणून मध्येच हाय खाऊ नका. तो तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

प्रश्न : मुलगा दर रविवारी सराव परीक्षा देतो. बारा झाल्या, गुण तेवढेच. काय चुकतंय? (धुळे, पालक)

परीक्षा दिल्यावर तो काय करतो ते पाहा. सहसा मुलं गुण बघतात, चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं वाचतात, ‘हो, हे येत होतं’ म्हणतात आणि पुढच्या रविवारची वाट पाहतात. तीन तासांच्या पेपराला निदान तीन तासांची तपासणी लागते, आणि गुण वाढतात ते तिथे.

त्याला पेपर दिल्याच्या दुसऱ्या दिवशी चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवायला सांगा, घड्याळाशिवाय. मग प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायचं. मुळात धडाच आला नव्हता, धडा येत होता पण कोणतं सूत्र लावायचं ते सुचलं नाही, आकडेमोड किंवा वाचनात चूक झाली, की वेळ पुरला नाही. घड्याळाशिवाय सुटलेला प्रश्न म्हणजे ज्ञान आहे, वेग नाही. तरीही न सुटलेला म्हणजे धडा कच्चा.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या वहीत येऊ देऊ नका, तो खरं कारण झाकतो. त्याऐवजी नेमकं लिहायला सांगा. ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत.’ ‘प्रश्नात नॉट करेक्ट होतं, मी करेक्ट वाचलं.’ ‘कंस सोडवताना उणे चिन्ह फक्त पहिल्या पदाला दिलं.’ चार-पाच पेपरांनंतर त्याच त्या दोन-तीन चुका परत परत दिसू लागतात. उणे चिन्हाची असेल, तर कच्चं काम नीट ओळीत लिहायची सवय लावायची. एका प्रश्नाची आकडेमोड पानाच्या चार कोपऱ्यांत पसरली की चिन्ह हरवतं. ‘नॉट’ची असेल, तर तो शब्द कच्च्या कागदावर गोल करून लिहायचा आणि मगच पर्याय वाचायचे.

वेळेचंही तपासा. बहुतेक सराव संकेतस्थळं प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दाखवतात. पाच मिनिटं घालवून चुकलेले प्रश्न किती, ते मोजा. असे तीन सापडले तर पंधरा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात शेवटचे सहा-सात प्रश्न झाले असते. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर पुढे जायचं, हा नियम सरावातच अंगवळणी पडतो.

आणि दर रविवारी पूर्ण पेपर नकोच. एका रविवारी पेपर, पुढच्या रविवारी फक्त त्यातून निघालेले कच्चे धडे. बारा पेपर घाईने देण्यापेक्षा सहा पेपर नीट तपासलेले बरे.

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चाकणला नोकरी करतो. फेब्रुवारीची गेट द्यायची आहे. कामाच्या दिवशी दोन तासांपेक्षा जास्त मिळत नाहीत. सहा महिन्यांत होईल का? (पुणे)

आठवड्याला पाच दिवस दीड तास आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी पाच तास धरले तर साडेसतरा तास होतात. ऑगस्ट ते जानेवारीअखेर २६ आठवडे, म्हणजे साधारण साडेचारशे तास. दिवाळी, ओव्हरटाईम आणि आजारपण वजा केलं तर चारशे. तेवढ्यात सगळा अभ्यासक्रम सारख्या खोलीने होणार नाही, हे आधीच मान्य करा आणि निवड करा.

पेपर १०० गुणांचा, ६५ प्रश्नांचा, तीन तासांचा. त्यात जनरल अ‍ॅप्टिट्यूड १५ गुण आणि इंजिनिअरिंग मॅथ्स साधारण १३. हे २८ गुण कोणत्याही तांत्रिक विषयापेक्षा कमी तासांत मिळतात. सुरुवात इथून करा. लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी आणि न्यूमेरिकल मेथड्स सहा आठवड्यांत संपवा. नंतर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, मॅन्युफॅक्चरिंग आणि थिअरी ऑफ मशिन्स. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग छोटं आहे आणि त्यातले प्रश्नांचे प्रकार ठरलेले आहेत, ते सोडू नका. मॅन्युफॅक्चरिंग तुम्ही रोज शॉप फ्लोअरवर पाहता, त्याचा फायदा आहे. तरीही कटिंग फोर्सची समीकरणं पुस्तकातूनच करावी लागतात.

पद्धत अशी ठेवा. एक विषय वाचला की त्या विषयाचे मागच्या पंधरा वर्षांचे गेटचे प्रश्न लगेच सोडवा. कामाच्या दिवसांच्या दीड तासात नवीन वाचन करू नका. थकलेल्या डोक्याला प्रश्न सोडवणं जमतं, नवीन सिद्धांत पचत नाही. नवीन विषय शनिवारी सकाळी घ्या.

संख्यात्मक प्रश्नांची खास काळजी घ्या. तिथे पर्याय नसतात, त्यामुळे चुकलेलं उत्तर आपल्याला चुकलेलं दिसत नाही. पट्ट्याच्या ताणाचं उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा घात म्यू गुणिले थीटा. म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.३ आणि कोन थीटा १६५ अंश दिला असेल, तर आधी अंशाचे रेडियन करायचे, २.८८. गुणाकार ०.८६४, गुणोत्तर २.३७. घाईत १६५ तसाच टाकला तर येणारी संख्या इतकी अवाढव्य असते की चूक लगेच कळते. पण दाबाच्या उदाहरणात गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट यांची गल्लत झाली, की उत्तर अगदी खरंखुरं वाटतं आणि गुण जातो. तापमान केल्व्हिनमध्ये आहे का, ऊर्जा जूल की किलोजूल, हे उत्तर टाकायच्या आधी एकदा पाहा. मधल्या पायरीत आकडे पूर्णांकात आणू नका. विचारलेल्या दशांश स्थळांपर्यंतची काटछाट शेवटीच करा.

परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. पडद्यावरचा वापरावा लागतो, तोही माऊसने, कारण कीबोर्ड बंद असतो. त्यात साईन काढायचा तर आधी संख्या, मग साईनचं बटण, असा क्रम आहे. खिशातल्या कॅसिओची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. पहिल्या दिवसापासून सराव याच कॅल्क्युलेटरवर करा.

गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि कितीही वेळा बसता येतं. तेव्हा या फेब्रुवारीत पेपर मनासारखा गेला नाही म्हणून नोकरी सोडायची घाई करू नका. एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर १२,४०० रुपये महिना विद्यावेतन असतं. घरखर्चाचा हिशोब तेवढ्यात बसतो का, तेही घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : बी.कॉम. शेवटच्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची. कॅट द्यावी की फक्त एमबीएची सीईटी? (जळगाव)

इंग्रजी वाचनावर ठरवा. कॅटमध्ये ४० मिनिटांचे तीन भाग असतात आणि एका भागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. २०२४ च्या पेपरात ६८ प्रश्न होते, त्यातले २४ इंग्रजीचे आणि त्यातले १६ उताऱ्यांवरचे. आयआयएम प्रत्येक भागाचा वेगळा कटऑफ लावतात, त्यामुळे गणित कितीही पक्कं असलं तरी कच्चं इंग्रजी झाकलं जात नाही. आज पाचशे-सहाशे शब्दांचा इंग्रजी लेख चार-पाच मिनिटांत वाचून त्याचा मुद्दा मराठीत दोन वाक्यांत सांगता येतो का, ते करून पाहा. येत असेल तर कॅटचा अर्ज भरा. येत नसेल तरी रोज एक संपादकीय आणि एक विज्ञान किंवा अर्थकारणावरचा लेख वाचायला लागा. सहा महिन्यांत स्पष्ट फरक पडतो. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

एमबीएच्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात : लॉजिकल रीझनिंग ७५, अ‍ॅबस्ट्रॅक्ट २५, गणित ५० आणि इंग्रजी ५०. एका प्रश्नाला ४५ सेकंद. निम्मा पेपर रीझनिंगचा आहे आणि तिथे मराठी माध्यमाची अडचण फारशी येत नाही. बैठक व्यवस्थेचे मोठे संच आधी घेऊ नका. एकट्याने सुटणारे प्रश्न पहिल्या फेरीत उरका, संच दुसऱ्या फेरीत. पाढे ३० पर्यंत, वर्ग ३० पर्यंत आणि १/२ ते १/१६ यांचे शेकडेवारीतले आकडे तोंडपाठ हवेत. मुंबईचं जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था यांसारख्या संस्थांत या सीईटीवरून प्रवेश होतो, त्यामुळे या परीक्षेला दुय्यम समजू नका.

प्रश्न : मुलीची शाळा मराठी माध्यमाची, अकरावी-बारावी इंग्रजीतून. नीटचा पेपर मराठीतून निवडावा का? (यवतमाळ, पालक)

नको. मराठी पेपरात इंग्रजी मजकूरही असतो आणि भाषांतरात गोंधळ वाटला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. दोन वर्षं तिने ‘झायलेम’ आणि ‘मायटोसिस’ वाचलं असेल, तर परीक्षेत मराठी पारिभाषिक शब्द वाचून पुन्हा मनात उलटवायचे, त्यात वेळ जातो. बारावीही मराठी शब्दांतूनच केली असेल तरच मराठी पेपर घ्यावा. बायोलॉजीसाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळीन् ओळ वाचायला हवं, आकृत्यांखालच्या टिपांसकट. बालभारतीवर भागत नाही.

१८० प्रश्न, १८० मिनिटं आणि ओएमआर कागद. गोल भरायलाच दहा मिनिटं लागतात. सगळे गोल शेवटी भरायचे ठरवू नये, एक प्रश्न सोडला की त्यानंतरची सगळी ओळ एक घर सरकते. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरायचे आणि प्रत्येक दहाव्या प्रश्नाला क्रमांक जुळतो का ते पाहायचं.

प्रश्न : गुण चांगले असूनही कागदपत्रांमुळे प्रवेश अडतो असं ऐकलं. काय आधी काढून ठेवावं? (परभणी)

अकरावीत असतानाच सुरुवात करा. आरक्षित जागेवर राज्याच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज महाविद्यालयामार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो आणि वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवरच्या नोंदी शोधण्यातच महिने जातात. एखाद्या नातेवाईकाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जरूर जोडा.

जेईई आणि नीटच्या केंद्रीय जागांसाठी ओबीसीचा नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा वेगळा असतो. तहसील किंवा सेतू कार्यालयात अर्ज देतानाच दोन्ही मागा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी पाहा, कारण राज्यातला प्रत्येक प्रवर्ग केंद्रात नाही.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अद्याक्षर, असं बऱ्याच जणांचं असतं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच लिहा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. परदेशी एम.एस.साठी जीआरई देणाऱ्यांनी मात्र नोंदणी पासपोर्टवर आहे तशीच करायची, अक्षरन् अक्षर. तिथे नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्कही परत मिळत नाही.